महाल कुठं गेला?

मुलाखत ऑनलाइन होती, मे महिन्यातली, दुपारी साडेतीनची. नागपुरात महाल भागातल्या आमच्या जुन्या घराची वरची खोली म्हणजे पत्र्याखालची भट्टी. कूलर लावला तर त्याची घरघर माइकमध्ये जाते, बंद ठेवला तर घाम हनुवटीवरून कीबोर्डवर. मी बंद ठेवला. समोरच्या माणसाकडे एसी होता, हे त्याच्या कडक कॉलरवरूनच कळत होतं.

प्रश्न साधा होता. एका बायनरी ट्रीचा, म्हणजे नावांच्या दुफाट्या झाडाचा, प्रीऑर्डर आणि इनऑर्डर, म्हणजे ती नावं लिहायच्या दोन ठरलेल्या रीतींच्या याद्या, दिल्यात, त्यावरून ट्री परत बांधून दाखवा. कॉलेजात गेट परीक्षेची तयारी करताना हा प्रकार कागदावर कितीदा तरी केला होता. पण तिथं चार पर्याय असतात, दोन खोडले की काम भागतं. नंतरची नऊ वर्षं बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये गेली. तिथं ट्री कोणी मागितला नाही. तरी रिकर्शन, म्हणजे तीच कृती दर फांदीवर पुन्हा, लावायचं एवढं डोक्यात होतं. प्रीऑर्डरमधला पहिला तो रूट, म्हणजे झाडातला सगळ्यात वरचा, इनऑर्डरमध्ये तो शोधायचा, त्याच्या डावीकडचे सगळे डाव्या फांदीत, उजवीकडचे उजव्या. लिहायला लागलो.

"इनऑर्डरमधून तुम्ही नक्की काय घेताय?" त्यानं विचारलं.

"रूट शोधतोय."

"रूट तर प्रीऑर्डरनं आधीच सांगितला ना?"

मी म्हटलं, "हो." मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. त्यानं प्रश्न बदलला, "बरं, नुसत्या प्रीऑर्डरवर का भागत नाही?" मी म्हटलं, माहिती कमी पडते. "किती कमी?" आता याचं काय उत्तर द्यायचं! वीस मिनिटांनी 'आम्ही कळवतो' झालं. कळवलं नाही.

नोकरी हातची गेली याचं वाईट वाटलंच, पण रात्री गच्चीवर पडल्या पडल्या दुसरंच खुपत होतं. पहिला प्रश्न. कोड तर मला येत होता, मग इनऑर्डरमधून मी घेत होतो तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पडवीत कागद घेऊन बसलो. बाबा शेजारी पेपर वाचत होते. बाबा आरएमएसमधून रिटायर झाले, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिस. निम्मी नोकरी रात्रीच्या गाडीच्या डब्यात उभ्यानं सॉर्टिंग करण्यात गेली. समोर खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा आणि डबा हलतोय. माझ्या कागदावर अ, ब, क असे गोळे पाहून म्हणाले, "हे काय करून राहिला?"

सांगितलं. झाड आहे, प्रत्येक गाठीला जास्तीत जास्त दोन फांद्या, एक डावी, एक उजवी. झाड फिरून नावं लिहायच्या तीन ठरलेल्या रीती आहेत. आधी स्वतःचं नाव, मग डावीकडचे, मग उजवीकडचे, ही प्रीऑर्डर. आधी डावीकडचे, मग स्वतः, मग उजवीकडचे, ही इनऑर्डर. आणि दोन्हीकडचे उरकून सगळ्यात शेवटी स्वतः, ही पोस्टऑर्डर. आता झाड फेकून दिलंय आणि नुसत्या याद्या हातात आहेत.

"अ ब क नको," बाबा म्हणाले. "मले कशाचा पत्ता लागत नाही त्यात. गावातली नावं घे."

मग गाव घेतलं. मधोमध सीताबर्डी, तो रूट. तिच्या डावीकडे धरमपेठ, उजवीकडे इतवारी. धरमपेठेला डावीकडे कोणी नाही, उजवीकडे रामदासपेठ. इतवारीच्या डावीकडे महाल, उजवीकडे पारडी. सहा गाठी झाल्या. प्रीऑर्डर लिहिला: सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठ, इतवारी, महाल, पारडी. त्याखाली इनऑर्डर: धरमपेठ, रामदासपेठ, सीताबर्डी, महाल, इतवारी, पारडी.

बाबांनी खालची ओळ वाचली आणि चष्मा वर केला. "हे तर पश्चिमेकडून पूर्वेकडे लावलं आहे तू."

मी तसं ठरवून लावलं नव्हतं. नकाशात पश्चिम डावीकडे असते, म्हणून झाड काढताना हात तसा गेला असावा. पण त्यांचं म्हणणं कुठल्याही झाडाला लागू होतं. झाड नीट काढलं, म्हणजे डावी अख्खी फांदी गाठीच्या डावीकडे आणि उजवी अख्खी उजवीकडे ठेवली, की सगळ्या गाठी सरळ खाली जमिनीवर टाकायच्या. ज्या ओळीत त्या पडतील तो इनऑर्डर. मे संपत आला की नागपुरात एका दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावली उरत नाही, कारण गाव कर्कवृत्ताच्या खाली, साधारण २१ अंशांवर आहे. त्या दुपारी असं झाड अंगणात टांगलं तर फरशीवर इनऑर्डरची ओळ उमटेल. कोण वर, कोण खाली हे सावलीला कळत नाही. कोण कोणाच्या डावीकडे एवढंच तिला कळतं.

प्रीऑर्डरचं बरोबर उलटं आहे. तो वरच्याला आधी बोलावतो, पण पुढचा माणूस डाव्या हाताचा की उजव्या हाताचा, यावर चूप.

बाबांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, मागच्या कोऱ्या बाजूच्या दोन पट्ट्या केल्या आणि सुवाच्य टपाली अक्षरात दोन्ही याद्या उतरवल्या. कात्री मागितली. मी म्हटलं, आधी वरच्या पट्टीतला पहिला घ्या, तो रूट. त्यांनी 'सीताबर्डी' कापून बाजूला ठेवलं. आता खालच्या पट्टीतून सीताबर्डी शोधून काढा. तिचे दोन तुकडे झाले, डावीकडच्यावर धरमपेठ, रामदासपेठ, आणि उजवीकडच्यावर महाल, इतवारी, पारडी.

मग त्यांनी वरची उरलेली पट्टी उचलली. पाच नावं सलग होती. कात्री उघडी धरून मला म्हणाले, "किती कापू?"

"दोन," मी म्हटलं. "खालच्या डाव्या तुकड्यात दोन आहेत."

आणि म्हटल्या म्हटल्या मुलाखतवाल्याचं उत्तर सापडलं. इनऑर्डरकडून मला हवी असते फक्त एक संख्या. रूट प्रीऑर्डर देतो, फांदीतल्या नावांचा क्रमही तोच देतो. त्याला सांगता येत नाही ते एवढंच, की डावी फांदी कुठं संपते आणि उजवी कुठं सुरू होते. कात्री कुठं मारायची ते इनऑर्डर सांगतो. गठ्ठ्यातली वरची किती पत्रं या खणात, असं विचारायची सवय असलेल्या माणसाला ते पहिल्या झटक्यात दिसलं. मी नऊ वर्षं कोड लिहून 'रूट शोधतोय' म्हणत होतो.

बाकीचं पाच मिनिटांत झालं. धरमपेठ-रामदासपेठच्या तुकड्यात धरमपेठेच्या डावीकडे शून्य, म्हणून रामदासपेठ उजवीकडे. इतवारीच्या डावीकडे एक, महाल, आणि उरलेली पारडी उजवीकडे. टेबलावर कागदाच्या चिठोऱ्यांचं झाड उभं राहिलं. वरून कूलरचं वारं आलं आणि उडूनही गेलं.

दुपारी कोड लिहिला. भाषा पायथन. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला देवनागरी नावं देता येतात हे फार जणांना ठाऊक नसतं. मी दिली, 'डावे', 'उजवे', 'मधला'. ऑफिसात असं केलं असतं तर बोलणी खाल्ली असती, पण आता ऑफिस कुठं होतं. कात्रीसाठी पायथनची स्लाइसिंग आहेच. 'मधला' म्हणजे रूटची इनऑर्डरमधली जागा. मोजणी शून्यापासून असते, म्हणून तीच डावीकडच्यांची संख्या. डाव्या फांदीसाठी प्रीऑर्डरमधून १ पासून 'मधला' पर्यंत, उजवीसाठी 'मधला' अधिक १ पासून शेवटपर्यंत. यादी रिकामी असेल तर काहीच परत करायचं नाही.

चालवला. कुठलाही एरर नाही. झाड छापलं आणि बाबांना हाक मारली. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवत वाचलं, सीताबर्डी, धरमपेठ, इतवारी, पारडी. मग म्हणाले, "महाल कुठं गेला?"

महाल गेला होता, रामदासपेठही गेली होती. सहातल्या चार गाठी उरल्या होत्या, आणि ज्या भागात बसून मी कोड लिहीत होतो तोच गायब. कारण एका आकड्याचं. पायथनच्या स्लाइसमध्ये शेवटचा आकडा धरत नाहीत. १ पासून २ पर्यंत म्हटलं की एकच नाव मिळतं, दोन नाही. रूट काढून घेतल्यानं सगळे एक घर पुढं सरकलेत, म्हणून १ पासून 'मधला' अधिक १ पर्यंत म्हणायला हवं होतं. सीताबर्डीच्या डावीकडे दोन हवे होते तर एकटी धरमपेठ आली. इतवारीच्या डावीकडे एक हवा होता तर १ पासून १ पर्यंत, म्हणजे कोणीच नाही.

चुकीपेक्षा मला त्या गप्पपणाचा राग आला. 'यादी रिकामी असेल तर काहीच परत करू नको' ही माझीच ओळ. प्रीऑर्डरचा तुकडा रिकामा आणि इनऑर्डरच्या तुकड्यात अजून महाल बसलेला, तरी कोड निमूटपणे परत फिरला. दोन्ही तुकड्यांची लांबी प्रत्येक पायरीला सारखीच असायला हवी. एवढी एक तपासणी घातली असती तर पहिल्याच फेरीत आरडाओरडा झाला असता. ती घातली, आकडा सुधारला, महाल परत आला. बाबा म्हणाले, "रजिस्टरवर किती अन् थैलीत किती, हे आम्ही दर स्टेशनले जुळवत होतो."

संध्याकाळी कॉलेजच्या मित्राला फोन केला. तो हैदराबादेत असतो, असल्या प्रश्नांवर रोज तोंड चालवतो. कोड ऐकून म्हणाला, "चालते बे, पण हळू आहे. एकाच बाजूनं लोंबलेलं झाड देऊन पाय."

डावीकडे लोंबलेलं म्हणजे प्रत्येकाला फक्त डावं मूल. मग रूट इनऑर्डरच्या टोकाला जाऊन बसतो आणि तो शोधायला दर वेळी पूर्ण यादी वाचावी लागते. १०,००० गाठी असतील तर आधी दहा हजार, मग एक कमी, मग अजून एक कमी, बेरीज पाच कोटी तुलनांवर. उजवीकडे लोंबलेलं असेल तर शोध लगेच संपतो, पण तिथं कात्री महाग पडते. स्लाइस म्हणजे कापणं नाहीच मुळी, उरलेली पट्टी दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहून काढणं आहे. ९,९९९ नावं, मग ९,९९८, मग ९,९९७. बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मला कामावरून काढलं असतं.

उपाय दोन, आणि दोन्ही सोपे. इनऑर्डरमधल्या प्रत्येक नावाची जागा एकदाच पायथनच्या डिक्शनरीत, म्हणजे नावावरून थेट जागा सांगणाऱ्या तक्त्यात, टिपून ठेवायची, म्हणजे शोध संपला. आणि पट्ट्या कापायच्याच नाहीत. प्रीऑर्डरवर एक बोट ठेवायचं, रूट लागला की एक घर पुढं सरकवायचं. इनऑर्डरमध्ये फक्त 'इथपासून इथपर्यंत' अशा दोन सीमा सांगायच्या. वहीत उतरवलं ते असं:

बांध(पासून, पर्यंत):
'पासून' हा 'पर्यंत'च्या पुढं गेला असेल तर रिकामा परत फिर
रूट = प्रीऑर्डरमध्ये बोटाखालचं नाव; बोट एक घर पुढं
मधला = रूटची टिपलेली जागा
रूटचं डावं = बांध(पासून, मधला − १)
रूटचं उजवं = बांध(मधला + १, पर्यंत)
रूट परत दे

हे लिहून मी बराच वेळ बघत बसलो, कारण यात ती 'किती' कुठंच दिसत नव्हती. सकाळी सापडलेलं रत्न संध्याकाळी हरवलं की काय! मग सीताबर्डीपासून बोट फिरवत गेलो. डाव्या फांदीला दोनच घरांची हद्द दिली आहे. ती भरली की सीमा एकमेकींना ओलांडतात आणि डावी बाजू आपोआप थांबते. तेवढ्यात बोट बरोबर दोन नावं पुढं सरकलेलं असतं आणि उजव्या फांदीसाठी इतवारीवर उभं असतं. मोजणी होतेच आहे, फक्त कोणी आकडा उच्चारत नाही. आता दहा हजार गाठींना साधारण दहा हजार पावलं.

पण त्यामुळेच 'डावं' आणि 'उजवं' या दोन ओळींचा क्रम सक्तीचा होतो. कापाकापीच्या कोडमध्ये आधी उजवं बांधलं असतं तरी बिघडलं नसतं. इथं बोट एकच आहे आणि प्रीऑर्डरमध्ये डावे आधी उभे आहेत. हे मला शहाण्यासारखं समजलं, आणि पुढच्या अर्ध्या तासात मी तिथंच आपटलो.

झालं असं की उत्साहाच्या भरात पोस्टऑर्डर आणि इनऑर्डरवरून झाड बांधायला घेतलं. पोस्टऑर्डर होता रामदासपेठ, धरमपेठ, महाल, पारडी, इतवारी, सीताबर्डी. रूट शेवटी असतो, म्हणून बोट शेवटावर ठेवून मागं सरकवायचं. वरचा कोड कॉपी केला, 'पुढं'चं 'मागं' केलं, चालवला. अपेक्षा अशी की एक तर चालेल, नाही तर लगेच पडेल. त्यानं तिसरंच केलं. सीताबर्डीच्या डाव्या फांदीसाठी नाव मागितलं तर बोटाखाली इतवारी, कारण उलटं वाचताना उजवे आधी येतात. तिथून सगळ्या सीमा विस्कटल्या आणि बोट मागं मागं जात शून्याच्याही खाली गेलं. आता पायथनमध्ये ऋण एक म्हणजे यादीतला शेवटचा. त्यामुळे बोट गुपचूप पुन्हा सीताबर्डीवर आलं आणि भाऊसाहेब अख्खी यादी दुसऱ्यांदा उलटी वाचायला बसले. दुसरी फेरी संपून ऋण सातवर गेलं तेव्हा कुठं इंडेक्स एररची लाल ओळ आली. सहा नावांच्या यादीतून बारा नावं काढली होती माझ्या कोडनं. 'उजवं'ची ओळ 'डावं'च्या वर नेली आणि सगळं जागेवर बसलं.

नुसत्या प्रीऑर्डरवर का भागत नाही, आणि किती कमी पडतं, तेही त्याच रात्री मोजलं. तीन गाठींची वेगवेगळी झाडं पाच, चारांची चौदा, पाचांची ४२, सहांची १३२. या कॅटलान संख्या. झाडाचा आकार कुठलाही असो, त्यात आपली सहा नावं प्रीऑर्डरनं भरत जाता येतंच. म्हणजे 'सीताबर्डी, धरमपेठ, रामदासपेठ, इतवारी, महाल, पारडी' असा प्रीऑर्डर देणारी झाडं १३२ आहेत. त्या माणसाला मी हे सांगायला हवं होतं. किती कमी? १३२ मधून एक निवडता येईल, एवढं.

प्रीऑर्डर आणि पोस्टऑर्डर या दोघांवर भागेल का? सहसा नाही, आणि आमच्याच झाडात त्याचं कारण बसलंय. धरमपेठेला एकच मूल, रामदासपेठ. ती डावीकडे टांगा नाही तर उजवीकडे, प्रीऑर्डरमध्ये धरमपेठेनंतर रामदासपेठ आणि पोस्टऑर्डरमध्ये तिच्याआधी रामदासपेठ, दोन्ही वेळा तसंच. अशी एकुलतं मूल असलेली प्रत्येक गाठ उत्तरांची संख्या दुप्पट करते. आमच्याकडे एकच आहे म्हणून दोन झाडं. प्रत्येकाला दोन मुलं किंवा एकही नाही असा नियम असेल तरच या जोडीवर भागतं. नागपूरकराला मात्र अडचण नाही. रामदासपेठ धरमपेठेच्या पश्चिमेला कोणी दाखवली तर तो हसेल.

मित्रानं आणखी एक खोडी काढून ठेवली होती. "पाच हजारांची लोंबती साखळी टाक." टाकली आणि रिकर्शन एरर आला. पायथन आपणहून साधारण हजार पायऱ्यांपर्यंतच खोल जाऊ देतो. ती मर्यादा एका ओळीत वाढवता येते, पण मला ते छत गळतं म्हणून बादली ठेवण्यासारखं वाटलं. रिकर्शन काढून स्टॅक, म्हणजे थप्पी, वापरला. वर्णन करायला थोडं किचकट आहे, तरी सांगतो, कारण मला ते सगळ्यात आवडलं. प्रीऑर्डरमधली नावं एकेक करून थप्पीवर ठेवत जायची आणि दुसरं बोट इनऑर्डरच्या सुरुवातीला. थप्पीतलं सगळ्यात वरचं नाव इनऑर्डरच्या बोटाखालच्या नावाशी जुळत नसेल, तर अजून डावीकडेच उतरतो आहोत, नवीन नाव हे वरच्याचं डावं मूल. जुळलं तर त्याची डावी बाजू संपली. ते उचलायचं, बोट पुढं न्यायचं आणि जुळत राहील तोवर उचलत राहायचं. शेवटी ज्याला उचललं, त्याचं उजवं मूल म्हणजे हे नवीन नाव.

इतवारीची पाळी येते तेव्हा बघा. थप्पीवर खाली सीताबर्डी, वर रामदासपेठ. इनऑर्डरचं बोट रामदासपेठेवर, जुळलं, उचलली. बोट सीताबर्डीवर, तीही जुळली, उचलली. थप्पी रिकामी. शेवटची उचललेली सीताबर्डी, म्हणून इतवारी तिचं उजवं मूल. धरमपेठ तर आधीच रामदासपेठेच्या वेळी उचलून झाली होती. ही जागा कळेपर्यंत मी तीनदा काड्यापेट्यांची थप्पी लावली. आईनं विचारलं, देवघरातली काडेपेटी कोणी नेली?

सारखी नावं आली की मात्र सगळा खेळ खलास. दोन्ही याद्या 'अ, अ' असतील तर दुसरा अ डावीकडे की उजवीकडे, सांगणारं कोणी नाही. माझी डिक्शनरी तर पहिल्या अ-ची जागा पुसून दुसऱ्याची लिहिते. बाबांना हे सांगितल्यावर ते एकदम खुलले. एकाच नावाची दोन गावं हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. "म्हणून तर पिन कोड आणला. १५ ऑगस्ट १९७२. आणणारे आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित होते." मग मला त्यांनी नागपूरच्या पिन कोडातल्या ४४० चा हिशेब समजावला. पहिला आकडा विभाग, दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. म्हणजे हा माणूस आयुष्यभर झाडाच्या फांद्या उतरत होता आणि मला अ ब क नको म्हणत होता.

जूनमध्ये दुसरी मुलाखत झाली. पाऊस आला होता, कूलरची गरज नव्हती, कॉलरही इस्त्रीची होती. त्यांनी ट्रीचं नावसुद्धा काढलं नाही. पाऊण तास एसक्यूएलचे जॉइन, म्हणजे डेटाबेसातले तक्ते जोडणं.

त्या संध्याकाळी खाली आलो तर बाबा पडवीत कॅलेंडरचं पान घेऊन बसलेले. वर लिहिलं होतं अ ब क, तेच, नको असलेलं. प्रीऑर्डर हा ठरला, म्हणाले, आता तीन नावांचे इनऑर्डर सहा तऱ्हांनी लिहिता येतात. त्यांनी सहाही एकाखाली एक लिहून प्रत्येकासमोर झाड काढलं होतं. पाचांसमोर. सहाव्यासमोर, 'क अ ब' या ओळीपुढं, खोडाखोड होती.

"हे बसून नाही राहिलं," ते म्हणाले. "अ वर. डावीकडे एकटा क. पण वरच्या यादीत अ-च्या मागं ब उभा आहे. कापू तर काय कापू?"

मी पाहिलं. माझ्या कुठल्याही कोडनं याद्या एकाच झाडाच्या आहेत की नाहीत हे कधी विचारलंच नव्हतं. वर जाऊन लॅपटॉप घेऊन आलो आणि बोटवाल्या कोडला ती जोडी दिली. त्यानं अ-च्या डावीकडे ब लावला, ब-च्या डावीकडे क लावला, आणि चौथं नाव मागत पडला. रूटची जागा दिलेल्या सीमांच्या आत आहे का, ही एक ओळ नव्हती.

बाबांनी खुर्ची थोडी सरकवली. "लिही," म्हणाले. "मी पायतो."